सुलटी बाजू

“मॅडम, तुमचा आकडा चुकतोय कुटंतरी,” मारुती परीट दारातूनच म्हणाला. माझ्या खोलीत येताना तो नेहमी चपला बाहेर काढायचा. त्या दिवशी काढल्या नाहीत, कारण तो आतच आला नाही.

“आकडा चुकत नाही, मामा. माणसं चुकतात.”

हे वाक्य मी बोलले तेव्हा मला फार आवडलं होतं. परीटनं उंबऱ्यातूनच वाकून हातातले काचेचे दोन तुकडे दाराजवळच्या टेबलाच्या कडेला ठेवले, तिथल्या वहीत सही केली आणि भट्टीकडे निघून गेला. पन्नाशीचा माणूस, चौदा वर्षं त्याच भट्टीवर. पाठमोरा जाताना तो जरा जास्तच भरभर चालला, असं मला वाटलं. मनात चोर असलेला माणूस असाच चालतो, असंही वाटलं.

माझा स्वभावच तसा. दूधवाला दूध घालताना मी मापाकडे बघत नाही, मापात बुडालेल्या त्याच्या अंगठ्याकडे बघते. आई म्हणायची, हिला देवानं डोळे दिले ते दुसऱ्याच्या खिशात बघायला. पण कुपवाडच्या त्या कारखान्यात मला ठेवलं होतं ते याच गुणावर. गोष्ट २००६ सालची. मी एकोणतीस वर्षांची होते आणि तपासणीच्या खोलीत एकटीच बसायचे.

आम्ही मीटरांवर आणि दाबमापकांवर बसणाऱ्या लहान काचा बनवायचो. कापलेल्या काचा टोपलीत रचून आठ तास वितळलेल्या मिठात बुडवायच्या. मीठ म्हणजे खायचं नव्हे. पोटॅशचं, खतात असतं त्या जातीचं. त्यात राहून काचेची वरची कातडी आवळून येते आणि काच सहजासहजी चरत नाही, फुटत नाही. भट्टी परीट सांभाळायचा. सकाळी नऊला टोपली आत, संध्याकाळी पाचला बाहेर. प्रत्येक टोपलीतले दोन तुकडे दुसऱ्या दिवशी माझ्याकडे यायचे.

माझ्याकडे एक यंत्र होतं. त्याला हिऱ्याची सुई. ती काचेत टेकायची, हळूहळू दाबायची आणि उचलायची. आत किती जायची? केसाच्या जाडीचे चारशे भाग केले तर त्यातला एखादा भाग. डोळ्याला काही दिसायचं नाही. किती जोर लावला आणि सुई किती आत गेली यावरून यंत्र कठीणतेचा आकडा द्यायचं. कारखान्यात सगळे त्याला टोचणी म्हणायचे. एका तुकड्यावर मी पंचवीस ठिकाणी टोचायचे आणि सरासरी काढायची. आमच्या काचेचा आकडा सहा पॉइंट आठच्या आसपास यायचा. सहा पॉइंट सहाच्या खाली गेला की टोपली बाजूला.

जूनच्या सहा तारखेला आकडा आला सहा पॉइंट तीन. सातला तोच. आठला त्याहून खाली. वीस तारखेपर्यंत गोदामात तेरा टोपल्या बाजूला काढलेल्या होत्या आणि मालक मगदूम साहेब दिवसातून दोनदा माझ्या खोलीत डोकवायला लागले होते. त्या काचा दवाखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका नव्या गिऱ्हाइकासाठी होत्या. सव्वीस तारखेला, सोमवारी त्यांचा माणूस येणार होता.

“मॅडम, यंत्र बिघडलं का?” साहेबांनी विचारलं.

“नाही. रोज सकाळी मी ते पक्क्या आकड्याच्या तुकड्यावर तपासून घेते. तिथं आकडा बरोबर येतो.”

“मग?”

“मग काच कच्ची राहतेय. आठ तास मिठात राहत नाहीये.”

साहेबांनी भट्टीच्या दिशेनं बघितलं. मीही बघितलं. कुणाचं नाव घ्यायची गरज पडली नाही.

“शुक्रवारी मला लिहून द्या,” ते म्हणाले. “सोमवारी त्या माणसासमोर मला सांगता आलं पाहिजे. आणि ते खरं असेल तर परीट सोमवारी इथं दिसणार नाही.”

मग मी पुराव्याच्या मागे लागले. आधी भट्टीची वही बघितली. रोज नऊ आणि पाच, नऊ आणि पाच, एका शाईनं आणि एका वळणानं. वही खोटी असल्याशिवाय माणूस ती इतकी नीट ठेवत नाही, असं मी मनाशी म्हटलं. मग भट्टीचे गोल कागद काढले. भट्टीला रोज एक कागद लावलेला असायचा आणि शाईची सुई त्यावर चोवीस तासांचं तापमान काढत फिरायची. झाकण उघडलं की तापमान थोडं पडतं आणि रेघेला खळगा पडतो. नऊला एक खळगा हवा, पाचला एक हवा. कागदांवर तिसरा होता. रोज दुपारी तीनच्या सुमाराला.

मला इतका आनंद झाला की मी चहा मागवला. माझ्या लेखी हिशेब साधा होता. टोपली तीनला बाहेर येते आणि पाचला झाकण नुसतं दाखवायला उघडलं जातं.

शुक्रवारी दुपारी मी परीटला गाठलं. तो भट्टीशेजारी बाकावर बसून कपाळ पुसत होता.

“मामा, तीन वाजता झाकण कशाला उघडता?”

तो दचकला. माझ्या नजरेतून ते सुटलं नाही.

“बगायला.”

“काय बघायला?”

“मीठ.”

“चौदा वर्षांत कधी बघितलं नाही ते?”

“चौदा वर्सांत तुमचा आकडा कदी पडला न्हवता.” त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. “मला वाटलं मीठ खराब झालं आसंल. रंग बगतो, तळाला गाळ बसलाय का बगतो. लगीच झाकतो. टोपलीला हात लावत न्हाई.”

“हे साहेबांना सांगितलंत?”

“काय सांगू? सापडलं तर सांगीन.”

“आणि टोपली पाचलाच काढता?”

तो उठून उभा राहिला. आवाज चढवला नाही. “मॅडम, माझ्या तोंडावर इचारा की. मी चोरी करतोय का, आसं इचारा.”

मी तसं विचारलं नाही. खोलीत आले, दार लावलं आणि दोन पानांचा अहवाल लिहिला. त्यात परीटचं नाव नव्हतं. ‘प्रक्रियेचा कालावधी पूर्ण होत नसल्याचे दिसते’ असं सरकारी थाटाचं वाक्य होतं, आणि खाली माझी सही. साहेबांनी ते वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. शनिवारी सकाळी परीट आला तेव्हा फाटकावरच त्याला सांगण्यात आलं, की आत जायचं नाही, सोमवारी हिशेब घ्यायला या. तो सायकल वळवून गेला म्हणे. मी बघितलं नाही. मी मुद्दाम आतच बसले होते.

शनिवारी मला फक्त अहवालाला जोडायला ते गोल कागद तारखेवार लावायचे होते. पाच जूनपासून सुरुवात केली. पाचच्या कागदावर दोन खळगे. सहाच्याही दोनच. सातपासून तीन.

मी पुन्हा मोजले.

पहिला पडलेला आकडा सहा तारखेचा होता, आणि तो पाच तारखेच्या टोपलीचा. त्या दिवशी झाकण दोनदाच उघडलं होतं. म्हणजे टोपली आठ तास आत होती. सहाला संध्याकाळी मी परीटला आकडा कळवला आणि सातला दुपारी तीन वाजता त्यानं पहिल्यांदा झाकण उघडून बघितलं. त्यानं मला सांगितलं होतं ते अगदी तसंच होतं. मी ते कागद चार दिवस हातात धरून बसले होते आणि तारखा बघितल्याच नव्हत्या, कारण मला हवं ते आधीच सापडलं होतं.

परीट खरं बोलत असेल तर काच बरोबर आहे. काच बरोबर असेल तर आकडा चुकीचा आहे. आणि आकडा माझा होता.

मी सुई तपासली. पक्क्या तुकड्यावर टोचून बघितलं, ठीक. मग माझी वही उघडली आणि जून महिन्यावरून बोट फिरवत गेले. तापमान, जोर, खोली, सगळं तसंच. एकच रकाना बदलला होता, ज्याच्याकडे कोणी बघत नाही. ‘खूण’ असं त्याचं नाव. कुणी खूण केली त्याचं आद्याक्षर तिथं लिहायचं. पाच जूनपर्यंत ‘वै’, म्हणजे मी, वैजयंता बोधे. सहापासून ‘हौ’.

‘हौ’ म्हणजे हौसाक्का कोष्टी. सहा तारखेला ती कामाला लागली होती. वीस वर्षं कुपवाडात लोकांची पोलकी शिवली, पण गुडघा गेला आणि मशिनचं पायडल मारवेना. इथं बसून करायचं काम होतं, वर पंखा होता, आणि तिचे डोळे पन्नाशीतही तल्लख होते. तुकडे धुवायचे, पुसायचे, दिव्याखाली बाजू ओळखायची आणि कोपऱ्यात शाईचा बारीक ठिपका द्यायचा, एवढं तिचं काम. यंत्राला ती हातही लावत नसे. माझ्या संशयी डोक्यात सगळा कारखाना येऊन गेला होता, मीठ पुरवणारा व्यापारी येऊन गेला होता, पण हौसाक्का आली नव्हती. तिच्या हातून काही बिघडू शकेल इतकं महत्त्व मी तिला दिलंच नव्हतं.

बाजू ओळखायची म्हणजे काय ते सांगते. आम्ही आणायचो ती पत्र्यासारखी सपाट काच वितळलेल्या कथलावर पसरून बनते. त्यामुळे तिच्या एका अंगाला कथलाचा अंश राहतो. नुसत्या डोळ्यांना दोन्ही अंगं सारखीच. निळ्या दिव्याखाली मात्र कथलाच्या अंगाला दुधासारखी झाक येते. त्या अंगात मीठ नीट शिरत नाही, म्हणून तिथं आमचा आकडा कमी यायचा. आम्ही टोचायचो ते नेहमी दुसऱ्या अंगाला. त्याला मी सुलटी बाजू म्हणायचे. ज्या अंगावर ठिपका ते अंग वर ठेवायचं आणि टोचायचं, इतकी साधी पद्धत.

मी तिच्या टेबलाशी गेले. ती तुकडा पुसत होती.

“आक्का, ह्याची सुलटी बाजू कुठली?”

तिनं तुकडा निळ्या दिव्याखाली धरला, फिरवला, पुन्हा फिरवला. “ही बगा.”

बरोबर होती.

“आता खूण करा.”

तिनं तुकडा उलटा केला, लेखणी घेतली आणि कोपऱ्यात ठिपका दिला. सुंदर, मोहरीएवढा.

“सुलट्या बाजूवर का नाही दिला?”

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी तिची परीक्षा घेतेय की थट्टा करतेय हे तिला कळेना.

“सुलट्या बाजूला कोन खूण करतंय व्हय, मॅडम? खडू नेमी उलट्या बाजूनं मारायचा. सुलटी बाजू लोकांच्या नजरंला पडती. कापड घान झालं तर गिऱ्हाईक आपल्या तोंडावर फेकतंय.”

“मी तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“सुलटी बाजू बगून खूण करा, म्हटला. बगूनच करतीय की. येक बी चुकली न्हाई.” मग तिचा चेहरा उतरला. “चुकली का?”

“नाही,” मी म्हटलं. “चुकली नाही.”

आणि ते खरं होतं. मी जे सांगितलं ते तिनं वीस वर्षांच्या सवयीनं, जितकं नीट करता येईल तितकं नीट केलं होतं. पहिल्या दिवशी तिच्याशेजारी पाच मिनिटं उभं राहून पहिला ठिपका बघणं माझं काम होतं. मी तेव्हा उभी राहिले नव्हते.

बाजूला काढलेल्या सगळ्या टोपल्यांचे जपून ठेवलेले तुकडे मी काढले, उलटे केले आणि टोचायला बसले. सहा पॉइंट आठ. सहा पॉइंट नऊ. सहा पॉइंट आठ. चार वाजेपर्यंत नऊ टोपल्या झाल्या. एकही खाली नव्हती.

तशीच उठून साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं, कथलाचं अंग, ठिपका, नवे आकडे. साहेब खुर्चीतून जवळजवळ उठलेच.

“म्हणजे माल चांगला आहे?”

“हो. परीटमामांचा काही दोष नाही. त्यांना आजच निरोप पाठवा, साहेब.”

“पाठवतो, पाठवतो.” त्यांनी माझा शुक्रवारचा अहवाल खिशातून काढला, फाडला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला. मग बसले. “पण मॅडम, त्या माणसाला मी तीन आठवडे माल अडकलाय म्हणून सांगतोय. सोमवारी तो विचारणार, काय झालं होतं. चूक झाली म्हटलं, की विचारणार, कुणाची? गिऱ्हाइकाला कारण सांगून भागत नाही, माणूस दाखवावा लागतो. खूण कुणी केली उलटी?”

ह्या प्रश्नाला दोन उत्तरं होती आणि दोन्ही खरी होती. मी सांगितली तशी झाली, हे एक. दुसरं अधिक आखूड होतं. आदल्या दिवशी मी एका माणसाला खोटा ठरवणाऱ्या कागदावर सही केली होती. आज त्याच चुकीच्या मुळाशीही मीच आहे म्हटलं असतं तर सोमवारी दाखवायला माणूस म्हणून मीच उरले असते. मला भीती वाटली. दुसरं काही नव्हतं, नुसती भीती.

“हौसाक्कानं,” मी म्हटलं.

“ती नवीन बाई?”

“हो.”

“मग झालं,” साहेब म्हणाले आणि घंटी वाजवली.

पाच वाजता हौसाक्का डबा पिशवीत घालत माझ्या दाराशी आली. तिला कुणीतरी सांगितलं होतं, सोमवारपासून येऊ नका.

“मॅडम, माजं काय चुकलं?”

“मी बोलते साहेबांशी,” मी म्हटलं. “आज तुम्ही जा.”

तिनं मान हलवली. माझ्यावर तिचा विश्वास बसला होता, हे मला स्पष्ट दिसलं. पायऱ्या उतरताना तिनं कठड्याला धरलं होतं आणि एकेक पाय खाली टेकवत ती गेली. रविवारचा सबंध दिवस मी घरी साहेबांशी काय बोलायचं याची वाक्यं जुळवत होते.

सोमवारी गिऱ्हाइकाचा माणूस आला, आकडे बघून खूश झाला आणि अकरा वाजता गेला. त्याला काय सांगितलं गेलं मी विचारलं नाही. थोड्या वेळानं परीट शुक्रवारच्या टोपलीतले दोन तुकडे घेऊन आला. चपला बाहेर काढून आत आला.

“मामा, माझं चुकलं,” मी लगेच म्हटलं. हे वाक्यही मी रविवारीच जुळवून ठेवलं होतं.

“कळलं मला. सायेब म्हनले.” त्यानं शेजारच्या टेबलाकडे बघितलं. निळा दिवा बंद होता, खुर्ची आत सरकवलेली होती. “आक्का आली न्हाई का?”

मी सांगितलं. साहेबांनी काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. बहुतेक मला वाटलं असावं, की त्याची नोकरी वाचली म्हणजे तो माझ्या बाजूनं बोलेल.

त्यानं त्या खुर्चीकडे पुन्हा एकदा बघितलं.

“तिला शिकवलं कुनी हुतं काम?”

“मी.”

“हं.” त्यानं तुकडे टेबलावर ठेवले. “मॅडम, माझ्यावर तुमी संशय घेतला, त्याचं मला काय न्हाई. शुक्रवारी तुमाला खरंच वाटत हुतं मी चोर हाय. मानसाला वाटतंय कदी कदी.” त्यानं वही ओढून सही केली. “पन तिच्यावर तर तुमचा संशयबी न्हवता.”

एवढं बोलून तो भट्टीकडे गेला. नेहमीच्याच चालीनं गेला.

मी केबिनमध्ये गेले. जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. साहेब, चूक माझी होती, तिची नव्हती, तिला परत बोलवा, एवढंच म्हटलं. साहेब गिऱ्हाइकाचे कागद चाळत होते, खुशीत होते. मान वर न करता म्हणाले, “बघू.”

पुढे सहा वर्षं मी त्या कारखान्यात होते. साहेबांनी कधी बघितलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.